काचेच्या पुडीचा कोलम

तंजावूरहून पापनाशमकडे निघालं की शहर संपता संपता रस्त्याकडेला एक बंद पडलेली भाताची गिरणी लागते. गिरणीच्या पत्र्यावर आता सोलर पॅनेल बसले आहेत आणि फाटकावर तमिळ आणि इंग्रजीत पाटी आहे. मराठीत नाही. मालकीणबाई मराठी आहेत खऱ्या, पण त्यांची मराठी घरात बोलायची. देवनागरी वाचायची वेळ आली की आजही त्या बोट ठेवून अक्षर लावतात आणि जोडाक्षर आलं की चष्म्याला दोष देतात.

त्यांचं नाव विशालाक्षी. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं किरकोळ, आवाज मात्र गिरणीच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. फेकून दिलेल्या बाटल्यांपासून त्या पेले, वाट्या, फुलदाण्या आणि दिव्यांच्या चिमण्या करतात. बाटली धुवायची, हिऱ्याच्या टोकानं तिच्याभोवती रेघ मारायची, रेघेवर आधी गरम आणि मग गार पाणी सोडायचं, की बाटलीचे निमूट दोन तुकडे होतात. मग कापलेली कड ओल्या चाकावर घासायची, भट्टीत गुळगुळीत करायची आणि हळूहळू निववायची. यात घाई केली तर पेला दुकानात शहाण्यासारखा बसतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तडकतो.

सगळं हातानं. सात बायका, भट्टी सांभाळायला एक माणूस आणि सगळ्यांवर ओरडायला विशालाक्षी.

हा उद्योग तिला कोणी सांगितला नव्हता. एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात वीसेक वर्षं ती मुकाट नोकरी करत होती. नवरा चिदंबर वीजखात्यात, आणि तो घरात बोलला तर शेजारी दचकतील इतका अबोल. तिरुवैयारुजवळ सासरची थोडी भातजमीन आहे, तिथे लावणीच्या वेळी एक धावती चक्कर मारायची, एवढाच काय तो शेतीशी संबंध. अशाच एका चकरेत तिच्या डोळ्यांदेखत सरस्वती नावाच्या मजूर बाईचा पाय चिखलातल्या फुटक्या बाटलीवर पडला. बांधावर बसून पिणारे लोक पिऊन झालं की बाटली शेतात फेकतात. चिखल तिला पोटात घेतो आणि वर रोपं डुलत राहतात. सरस्वतीची टाच उभी चिरली. विशालाक्षीनं तिला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके पडले, जखम भरली, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. चिखलात दिवसभर वाकून उभं राहणं तिला पुढे जमेना.

दवाखान्याचा खर्च दिला म्हणजे झालं, असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. विशालाक्षीचं पडलं नाही. शेत तिचं, पाय त्या बाईचा, आणि आता त्या बाईनं खायचं काय? तिनं माणसं लावून शेतातल्या बाटल्या वेचून काढल्या, तर पोती भरली. त्या पोत्यांचं काय करायचं हे शोधत शोधत ती पुदुच्चेरीजवळच्या एका वर्कशॉपात पोचली, बाटल्या कापायला शिकली, नोकरी सोडली आणि गिरणी भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी चाकासमोर स्टुलावर जी बाई बसली ती सरस्वती.

धाकटा दीर सेतुमाधव वकील आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. “वैनी,” तो म्हणाला होता, “आपल्या घराण्यानं इथल्या मराठा राजाच्या दरबारी लेखणी चालवली. आता तुमी दारूच्या बाटल्या वेचा. बेस! वाडवडील वरून बघत असतील.”

“बघू दे की,” विशालाक्षी म्हणाली होती. “त्यांस पेला होणा असेल, हवा असेल, तर खाली येऊन घेऊन जावा म्हणावं.”

कारखान्याच्या तिनं तीन अटी ठरवल्या. बायकांना महिन्याचा पगार, काम असो नसो. चाकापाशी बसायचं तर नाकातोंडाला मास्क, मग कितीही उकडो. आणि कालव्यात काही सोडायचं नाही. ही तिसरी अट सगळ्यात जड होती. कड घासताना चाकावर पाणी पडतं, त्या पाण्यात काचेची पूड उतरते, आणि ते दुधासारखं पांढरं पाणी गिरणीमागच्या कालव्यात सोडून देणं जगातलं सगळ्यात सोपं काम होतं. विशालाक्षीनं त्यासाठी टाक्या बांधल्या. पाणी निवळायचं, पुन्हा चाकावर यायचं, तळाला पूड बसायची. ती वाळवून पोत्यांत भरायची. पोती वाढत चालली. “आमच्याकडे काही वाया जात नाही,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, पण पत्र्याच्या खोलीतली ती पोती तिच्या डोळ्यांत सलत.

मागच्या डिसेंबरात, मार्गळी हा तमिळ महिना लागायच्या आदल्या दिवशी, सरस्वतीनं ओणवं होऊन पोत्यातली चिमूटभर पूड घेतली. अंगठा आणि बोटाच्या मधून तिनं ती जमिनीवर सोडली. रेघ अखंड पडली, बारीक, पांढरीशुभ्र, आणि उन्हात चमकली.

“अम्मा,” ती तमिळमध्ये म्हणाली, कारखान्याची भाषा तमिळच, “ही मी कोलमाला नेऊ का?”

कोलम म्हणजे दारातली रांगोळी, पण तंजावुरात तिला नुसती नक्षी समजू नये. पहाटे दार उघडलं, सडा पडला, कोलम उमटला, म्हणजे घर जागं आहे आणि आत सगळं ठीक आहे. ज्या दारात कोलम नाही त्या घरात कोणी गेलं आहे असं गल्ली धरून चालते. मार्गळीत तर विचारू नका. अंधार असताना बायका कमरेत वाकलेल्या, अर्ध्या रस्त्यापर्यंत पसरलेले कोलम, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं फूल, आणि हिचा मोठा की तिचा मोठा यावरून महिनाभर चाललेली गोड भांडणं.

विशालाक्षीला एवढा आनंद झाला की तिनं विचार करायला जागाच ठेवली नाही. पोती हलणार, बायकांचा खर्च वाचणार, आणि काहीही वाया जाणार नाही! “ने की,” ती म्हणाली. “तुझ्या गल्लीत सगळ्यांना दे.”

सरस्वतीनं दिली. गिरणीमागे कालव्याच्या कडेनं तिची वस्ती आहे. तिथल्या घराघरात तिनं स्वतः पुडीच्या पिशव्या पोचवल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली बाई, तिला गल्लीत काही वाटायची संधी पहिल्यांदा मिळाली होती. दारोदारचे कोलम दिव्याखाली चांदीसारखे चमकू लागले. शेजारच्या गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि जळून परत गेल्या.

विशालाक्षीनं फोटो काढले आणि चेन्नईच्या लावण्याला पाठवले. ही तरुण मुलगी डोंगरातल्या आणि समुद्रकाठच्या छोट्या हॉटेलांना सामान पुरवते, आणि विकत घेण्याआधी दहा प्रश्न विचारते: कोण बनवतं, त्यांना काय मिळतं, उरलेलं कुठे जातं. तिनं पेले पसंत केले असते तर कारखान्याला वर्षभराचं काम लागणार होतं, आणि कामासाठी नाव देऊन वाट बघणाऱ्या आणखी चार बायकांना आत घेता आलं असतं. फोटो पाहून ती खूश झाली. “ही पूड पाकिटांत घालून द्याल का?” तिनं विचारलं, आणि गिरणी बघायला यायचा दिवस ठरवला.

ती यायच्या आदल्या दिवशी सरस्वती कामाला आली नाही. दुपारी आली ती कडेवर नात घेऊन. पोरीच्या एका डोळ्यावर पट्टी होती.

“सुट्टी पाहिजे, अम्मा. डोळ्यात वाळू गेली हिच्या. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर ओरखडा आहे. चोळू देऊ नका, औषध घाला, भरून येईल.”

“कुठे खेळत होती?” विशालाक्षीनं सहज विचारलं.

“कुठे जाणार? दारातच. कोलमात बोटं फिरवत होती. चमकतं ना, हात जाणारच.”

विशालाक्षीनं मान वर केली. समोर चाकावर बायका बसल्या होत्या, नाकातोंडाला मास्क बांधून. तो खाली घसरला की विशालाक्षी गिरणीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायची. ओल्या पुडीसाठी आत एवढा कायदा, आणि तीच पूड कोरडी करून तिनं फाटकाबाहेर लेकराबाळांच्या दारात वाटली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! काच वाळूचीच बनते, वाळूनं कोणाचं काय बिघडतं, असं काहीतरी तिच्या मनात असावं. खरं तर मनात काहीच नव्हतं, नुसती पोती हलल्याचं समाधान होतं.

आणि तरी ती त्या वेळी बोलली नाही. “घे सुट्टी,” एवढंच म्हणाली. सरस्वती नातीला घेऊन लंगडत गेली.

घरी तिनं सगळं सांगितलं. चिदंबरनं ऐकून घेतलं. सेतुमाधव मात्र ताबडतोब वकील झाला. “वैनी, उगे ऱ्हावा. उद्या ती चेन्नईची मुलगी येते. मार्गळी सरत आली. पूड देणे बंद करा, झालं. अस्कि, सगळ्या गावास सांगत सुटला तर उद्या कोण उभं करेल तुमास? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

तिला ते पटलं. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर उगाच तिची देवी होईल. एक दिवस गप्प बसायचं, लावण्याचं काम पक्कं करायचं, मग पूड गोळा करायची. कोणाचं काय जातं? उलट चार बायकांच्या चुली पेटतील. असा हिशोब मांडून ती झोपली आणि पहाटे उठून स्कूटर काढली ती केवळ पोरीचा डोळा कसा आहे हे बघायला. निदान स्वतःला तिनं तसं सांगितलं.

वस्तीत देवळाच्या कर्ण्यावर गाणी चालू होती. गल्लीभर बायका वाकून कोलम काढत होत्या. एकीनं चुकलेली रेघ फुंकर मारून उडवली आणि पुडीचा छोटा ढग तिच्याच तोंडावर आला. ती खोकली, हसली आणि पुन्हा वाकली. दोन मुली आईच्या मागून ठिपके टाकत होत्या, पुडीत हात बरबटलेले. आणि सरस्वतीच्या पायरीवर पट्टी बांधलेली नात बसली होती, एका डोळ्यानं आजीच्या बोटांतून पडणारी चमकती रेघ बघत.

विशालाक्षीनं स्कूटर स्टँडवरही लावली नाही, तशीच भिंतीला टेकवली.

“सरस्वती, थांब. ती पूड खाली ठेव. वाळू नव्हती ती. हिच्या डोळ्यात हीच पूड गेली.”

सरस्वतीचा हात थांबला. तिनं पुडीच्या वाटीकडे पाहिलं, मग नातीकडे.

“तुम्हाला कधी कळलं?”

“काल.”

“काल कधी?”

“दुपारी. तू सुट्टी मागायला आलीस तेव्हा.”

“मी तुमच्यासमोर उभी होते,” सरस्वती म्हणाली. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “आणि आज पहाटे मी पुन्हा तीच पूड घेऊन हिच्यासमोर बसले.”

  विशालाक्षी म्हणाली, “चूक माझी आहे. हे सगळं पुसायला पाहिजे. झाडायचं नाही, झाडलं की उडतं. ओलं करून पुसायचं.”

गल्ली उसळली. मार्गळीत, सकाळी सकाळी, दार पुसायचं? “आमच्या घरात कोण मेलंय?” एका म्हातारीनं कंबरेवर हात ठेवून विचारलं. दुसरीच्या घरी सून गरोदर होती, परवाच डोहाळजेवणाच्या बांगड्या भरल्या होत्या. ती सासू दारात आडवी उभी राहिली. तिचं चूक नव्हतं. ज्या दारासमोरून लोक बघत जाणार ते दार तिचं होतं. विशालाक्षी समजावत होती, आणि जितकी समजावत होती तितकी शहरातली शहाणी बाई दिसत होती.

ते थांबवलं सरस्वतीनं. ती आत गेली, बादली आणि जुनं लुगडं घेऊन आली आणि गुडघे टेकून स्वतःचा कोलम पुसू लागली. अर्ध्या रस्त्यापर्यंत काढलेला, पूर्ण होत आलेला. पुसून झाल्यावर ती गरोदर सुनेच्या दारापाशी गेली. “पूड मी दिली होती,” ती म्हणाली. “मीच पुसते. तू सुनेला आत ने, तिच्या श्वासात जायला नको.” सासू बाजूला झाली.

मग विशालाक्षीनं दुसरी बादली उचलली. पुसलेलं पाणी गटारात टाकता येत नव्हतं, गटार कालव्याला मिळतं. ते बादल्यांत पिळून, बादल्या गिरणीच्या टाकीवर नेऊन ओतायच्या. तिनं घरी फोन केला आणि थोड्या वेळानं सेतुमाधव तांदळाच्या पिठाची पिशवी स्कूटरवर पुढ्यात धरून आला. वाटेत पिशवीला भोक पडलं होतं, त्यामुळे वकीलसाहेब कमरेपर्यंत पांढरे झाले होते. रडकुंडीला आलेल्या त्या गल्लीत पहिलं हसू त्याच्यामुळे फुटलं. तो काही न बोलता पिशवी ठेवून उभा राहिला, आणि हे त्याच्या आयुष्यात क्वचितच घडलं असेल. पुसलेल्या प्रत्येक दारात त्या पिठाचा कोलम पडू लागला, छोटा, घाईत काढलेला. पण दार मोकळं राहिलं नाही.

लावण्याची गाडी गिरणीवर जाऊन, तिथे कोणी नाही म्हणून शोधत गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा विशालाक्षी ओल्या साडीनिशी रस्त्यात गुडघ्यावर होती.

“हे काय चाललंय?” लावण्यानं विचारलं.

विशालाक्षीनं उठून सगळं सांगितलं. सेतुमाधवनं खोकून थांबवायचा प्रयत्न केला, तरी कालच्या दुपारचंही सांगितलं.

“त्या कोलमचा एक फोटो मी आमच्या पेजवर टाकलाय,” लावण्या म्हणाली.

“काढून टाका. का काढला तेही लिहा.”

लावण्या गल्लीभर चालत गेली आणि परत आली. पट्टी बांधलेल्या पोरीपाशी थोडी थांबली. “मी आज हो म्हणू शकत नाही,” ती म्हणाली. “नाहीही म्हणत नाही. मला विचार करायला पाहिजे.” तिचं बरोबर होतं, आणि बरोबर असूनही ते विशालाक्षीला फार लागलं. गाडी वळून गेली, तशी ती पुन्हा बादलीकडे वळली.

पोरीचा डोळा भरून आला. डॉक्टरकडे विशालाक्षी स्वतः गेली होती, ते कसली पूड होती हे नीट सांगायला. वाटलेल्या सगळ्या घरांतून पूड परत आणली. एका गवंड्याला बोलावून ती सिमेंटमध्ये कालवून फरशीचे ठोकळे करायला लावले, कारण एकदा सिमेंटमध्ये बसली की ती उडत नाही. हे आधी सुचलं असतं, पण आधी विचारच केला नव्हता. लावण्याचा अजून फोन नव्हता. चार बायकांना तिनं सांगितलं की एवढ्यात काही होणार नाही. का ते विचारलं, तेही सांगितलं.

सरस्वती मात्र कामावर आली नाही. तिच्या स्टुलावर दुसरं कोणी बसलं नाही, कोणाला बसायला विशालाक्षीनं सांगितलंही नाही. ती दोनदा वस्तीत गेली. सरस्वतीनं तिला बस म्हटलं, कॉफी दिली, नातीला दाखवलं आणि कामाचं काही बोलली नाही. विशालाक्षी तिचा पगार घेऊन गेली तेव्हा तो सरस्वतीच्या सुनेनं ठेवून घेतला, सरस्वतीनं हात लावला नाही. विशालाक्षीला वाटे, रागावली असती तर भांडता आलं असतं. इतक्या वर्षांत कितीदा ती या बाईशी मन मोकळं करून भांडली होती. ही शांतता तिला सोसेना.

पोंगलचा सण झाला. नंतरच्या सोमवारी चाकं नुकतीच सुरू झाली होती, आणि सरस्वती फाटकातून आत आली. स्टुलाकडे गेली नाही. सरळ विशालाक्षीच्या टेबलापाशी आली.

“पूड कुठे ठेवता आता?”

“मागच्या खोलीत. ओलीच ठेवते. कुलूप लावलंय.”

“किल्ली कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

सरस्वतीनं हात पुढे केला.

विशालाक्षीनं त्या हाताकडे पाहिलं. कारखाना तिचा होता, भाडं ती भरत होती, पाटीवर नाव तिचं होतं. पण गल्लीतल्या दारांपर्यंत पूड ज्या हातांनी पोचली, आणि जे हात ती पुसत फिरले, ते हे होते. तिनं पर्समधून किल्ली काढली आणि त्या हातावर ठेवली.

सरस्वतीनं ती पदराच्या टोकाला बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

“उद्या कोणी पूड मागितली,” ती म्हणाली, “भले तो कलेक्टर असो, तर तुम्ही हो म्हणायचं नाही. मला विचारायचं.”

“विचारीन,” विशालाक्षी म्हणाली.